निघण्याआधीचं एक मिनिट

सोली,

सिनेगॉगच्या बुलेटिनवाल्या बाईंचा फोन आला होता. "तुमच्या भावावर दोन पानं लिहून द्या ना. ते रॉकेटचं वगैरे. पीपल वुड लव्ह इट." मी लगेच हो म्हटलं. तुझ्यावर लिहायचं म्हणजे रॉकेटवर लिहायचं हे लंडनातल्या आपल्या मूठभर मराठी ज्यू लोकांना पाठ आहे, आणि ते पाठ मीच करून घेतलंय. गेल्या बुधवारी तुला पुरलं. तेव्हापासून दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलेय, की रॉकेटपायी हॉस्पिटलची तारीख सोडली आणि त्यातच गेला. लोक हळहळतात, मग जरा हसतात. मीही हसते.

ते खरं नाही. रविवारपासून मला ते माहीत आहे, आणि आज सोमवार उजाडला तरी मी कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून आधी तुला लिहितेय. मराठीत लिहितेय, म्हणजे बुलेटिनमध्ये आलं तरी अर्ध्यांना वाचता येणार नाही. हाही माझा पळपुटेपणाच. तुला कळलाच असता.

आज सहावा दिवस. आपल्यात माणूस गेला की सख्ख्यांनी सात दिवस खाली बसायचं. तुला सख्खं कोण उरलंय? मीच. सिनेगॉगमधून बुटकी खुर्ची आणलीय, तिच्यावर कॉलर फाडलेला कार्डिगन घालून बसलेय. गुडघे बोंबलतायत. आरसे झाकलेत. टीव्हीवरसुद्धा चादर टाकलीय, कारण बंद टीव्हीत तोंड दिसतं. येणारे-जाणारे उकडलेली अंडी आणतात, मला बळेच खायला लावतात. आणि मला राहून राहून एकच सुचतं, की हा माणूस आयुष्यभर मला बसवायला बघत होता, आणि बसवलंन शेवटी.

तुझा तो मॉस्कोहून आणलेला नियम! निघायचं असलं की बॅग दारात ठेवायची आणि घरात असतील तेवढ्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. मग उठायचं आणि निघायचं. का, तर रशियात बसतात. रॉकेटवालेसुद्धा बसतात म्हणे. अरे, त्यांचा प्रवास कुठला आणि तुझा कुठला! स्टॅनमोरहून जुबिली लाइन, लंडन ब्रिजला बदलायचं, ईस्ट क्रॉयडनला उतरून ट्रॅम. तेवढ्यासाठी दर शुक्रवारी माझ्या हॉलमधल्या बुटांच्या बाकावर बूड टेकायचास. दीना लहान होती तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, तोंडावर बोट ठेवून. मी हाताची घडी घालून उभी. "ट्रेन चुकेल रे, उठ." तू दीनाला सांगायचास, "मम्मी बसणार नाही, मम्मी ग्राउंड कंट्रोल आहे." इतक्या वर्षांत मी एकदाही बसले नाही, सोली. एकदासुद्धा नाही. कारणही काही नव्हतं. तू सांगतोस म्हणून बसायचं नाही, एवढंच.

हा नियम तुला कोणी शिकवला ते मला माहीत आहे. त्यावर आपण चाळीस वर्षं बोललो नाही, तेव्हा आज बोलूनच टाकते. तुझ्या मॉस्कोतल्या लुडाच्या आईने. तू इंजिनिअर होऊन मॉस्को सोडलंस त्या दिवशी तिने तुला बॅगेवर बसवलं, लुडा शेजारी बसली, आणि तू परत येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मग मुंबईहून माझं पत्र गेलं. बाहेरची मुलगी आणलीस तर आपली मम्मी मरेल, असं मी लिहिलं होतं. पप्पांनी सांगितलं नव्हतं, मम्मीनेही नाही. माझ्या मनाने लिहिलं. तू आज्ञाधारकपणे ऐकलंस. मम्मी त्यानंतर एकतीस वर्षं ठणठणीत जगली.

तू तिथून आणलंस काय, तर भाषा, तो मिनिटभराचा नियम आणि रॉकेटचं वेड. त्या वेडाची मी काय कमी चेष्टा केली! रॉकेटं शिकलास आणि जन्मभर क्रॉयडनच्या ऑफिसांतल्या लिफ्ट दुरुस्त केल्यास, असं मी चारचौघांत म्हणायचे. तू म्हणायचास, "माणसं वर न्यायची आणि सुखरूप खाली आणायची, काम तेच आहे, ताई." तुला राग कसा यायचा नाही, याचाच मला राग यायचा.

रशियाची सोयूझ उडायची असली की तू सकाळपासून माझ्या फ्रंट रूममध्ये ठाण मांडायचास, कारण तुझा टीव्ही लहान. दिव्याला दोऱ्याने तो हिरवा फेल्टचा पोपट टांगायचास. कॅप्सूलमध्येही असंच खेळणं टांगतात, ते तरंगायला लागलं की समजायचं पोचलो कक्षेत. नऊ मिनिटं तू त्या पोपटाकडे बघायचास. तो माझ्या घरात कसा तरंगणार, कपाळ माझं! तरी नववं मिनिट झालं की खालून एक टिचकी मारायचास आणि टाळ्या वाजवायचास. आणि फ्लोराआंटी जेवायला होत्या त्या दिवशी तू अगदी प्रेमाने सांगितलंस, की लाँचपॅडकडे जाताना बस थांबवून सगळे अंतराळवीर उतरतात आणि मागच्या चाकावर लघवी करतात, ही तिथली परंपरा आहे. आंटींचा घास हातातच राहिला. मी तुला टेबलाखालून लाथ मारली. परवा आंटी इथे येऊन बसल्या तेव्हा तेच आठवून रडत होत्या.

मग ओक्साना आली. युद्धातून, खारकीवहून निघालेली, हातात एक बॅग, वय दीनाएवढं. मी मागची खोली दिली. पहिल्यांदा तू शुक्रवारी येऊन तिच्याशी रशियनमध्ये बोललास तेव्हा तिचा चेहरा असा सैल पडला, की मला तुझा अभिमान वाटला होता. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघं किचनमध्ये तासतासभर बोलत असायचात आणि मी कांदा चिरत एक अक्षर न कळता ऐकत असायचे. नंतर तिने सांगितलं, की आता तिला ती भाषा तोंडात नको वाटते. तर तू दुसऱ्या शुक्रवारी येऊन मोडकंतोडकं युक्रेनियन बोलायला लागलास. ती हसून हसून बेजार झाली.

आणि मग तो दिवस. मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले होते. ती वर झोपली असेल असं तुला वाटलं, असं तू म्हणतोस. तुझं तुलाच माहीत. तू आवाज मोठा करून लाँच लावलंस. मी परत आले तेव्हा ती जिन्याखालच्या कपाटात होती. कोटांच्या मागे, कानांवर हात. आणि तू बाहेर उभा राहून दारावर टकटक करत सांगत होतास, "ओक्साना, हे ते रॉकेट नव्हे. हे माणसांना वर नेतं. यात एक अमेरिकनसुद्धा आहे."

त्यावर आपण वर्षभर भांडलो. मी म्हटलं, माझ्या घरात यापुढे नाही. तू म्हणालास, भांडणाऱ्या देशांची माणसं एका डब्यात बसून वर जातात, तिथे एकमेकांचं पाणी पितात, अशी दुसरी जागा मला दाखव. मी म्हटलं, तो डबा कोणाचा, ते इंजिन कोणी केलं, आणि त्यांचे भाऊबंद काय करतायत? तू म्हणालास, मग मी कोणाचा, ताई? मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी काय म्हणू? मी म्हटलं, काहीही म्हण, कपाटात ती बसली होती, तू नाही. सोली, अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. तू गेलास म्हणून मी माघार घेणार नाही. पण बरोबर असण्याचा मला कैफ चढला होता. त्या कैफात मी तुझं एकही वाक्य पुरतं ऐकून घेईनाशी झाले होते.

आता त्या शुक्रवारचं सांगते. सहा आठवडे झाले. जेवण झालं होतं. पुढच्या सोयूझचा गुरुवार तू महिनाभर माझ्या कानीकपाळी ओरडत होतास, त्यामुळे गुरुवार म्हटलं की माझं डोकं तापायचं. तू बशीतले दाणे बोटाने इकडून तिकडे करत विचारलंस, "ताई, येत्या गुरुवारी काय करतेयस?"

"काही नाही. का?"

"माझ्याकडे येशील? एक रात्र राहायला."

"रॉकेट बघायला? तोंड बघ."

तू वर पाहिलंस. तुझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ते मला दिसलं, आणि दिसलं म्हणूनच मी पुढे बोलले. आता नाटक कशाला करू? मला वाटलं तू रडका चेहरा करून मला क्रॉयडनला ओढणार. मी म्हटलं, "वय बघ तुझं. बायको नाही, पोर नाही, म्हणून त्या लोखंडाला मिठी मारून बसतोस. लाज वाटत नाही? वर ती मुलगी राहते आणि तू मला पार्टीला बोलावतोयस!"

बशी बाजूला सारून तू म्हणालास, "हो. रॉकेटच बघायला."

तू उठलास. कोट घातलास. सवयीने बुटांच्या बाकाकडे वळलास, बॅग दारापाशी ठेवलीस. मी पुढे झाले आणि दार उघडलं. बाहेरचा गारठा आत आला. मी म्हटलं, "बसू नकोस. निघ."

तू बसला नाहीस. "गुड नाइट, ग्राउंड कंट्रोल" असंसुद्धा म्हणाला नाहीस. मी दार लावलं.

पुढच्या आठवड्यात फोन केलास. हॉस्पिटलने हृदयाच्या नळ्या तपासायला गुरुवार दिला होता, लागलं तर स्टेंटही टाकणार होते, पण मी नको म्हटलं, लाँच आहे ना, असं सांगितलंस. मी तुला गाढव म्हटलं. डोक्यावर पडलायस म्हटलं. आणखी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, तू ऐकलंयस. मग लाँचही पुढे गेलं. तू हसलास, "दोन्ही तारखा गेल्या बघ." मी म्हटलं, बरं झालं, मर. हेही मी म्हटलं. आपण दोघं लहानपणापासून एकमेकांना दिवसातून दहादा मर म्हणत आलोय, तरी पण.

मी काय काम करत होते रे, सोली? अठ्ठावीस वर्षं? हॉस्पिटलच्या बुकिंग ऑफिसात. दिवसभर लोकांना फोन करून तारखा द्यायच्या. आणि प्रत्येकाला विचारायचं, कारण विचारल्याशिवाय तारीख पक्की करता येत नाही: "तुम्हाला घरी कोण नेणार? पहिली रात्र तुमच्याजवळ कोण राहणार? नाव सांगा." काही म्हातारे गप्प व्हायचे. मी ओळखायचे. मग आवाज खाली आणून म्हणायचे, "शेजारी कोणी? सिनेगॉगमधलं, चर्चमधलं कोणी? आपण बघू काहीतरी." अनोळखी माणसांसाठी मी किती फोन फिरवले असतील. आणि तू फोनवर सांगतोस की तारीख सोडली, तेव्हा मला तो प्रश्न आठवला नाही. अठ्ठावीस वर्षं जो प्रश्न झोपेतसुद्धा विचारला असता, तो तुला विचारला नाही.

गेल्या सोमवारी सकाळी तू ट्रॅमच्या स्टॉपवर बाकावर बसला होतास. बॅग पायांशी. दुसरी तारीख मिळाली होती तुला, त्याआधीच्या रक्ताच्या तपासणीला निघाला होतास. तीन ट्रॅम आल्या आणि गेल्या. लोकांना वाटलं म्हातारा डुलकी काढतोय. चौथ्या ट्रॅमच्या वेळी एका शाळकरी मुलीने तुला हात लावला. पोलिसांनी मला हे सगळं फार सभ्यपणे सांगितलं.

आणि मग हे सात दिवस सुरू झाले, आणि मी माझी गोष्ट. पहिल्या दिवशी सांगितली तेव्हा रडत सांगितली. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला चांगला घाट आला होता. कुठे थांबायचं, कुठे "दोन्ही तारखा गेल्या बघ" म्हणायचं, सगळं जमलं. "टिपिकल सोली," लोक म्हणायचे. मला हलकं वाटायचं. तू मूर्खपणाने मेलास म्हटलं की माझ्याकडे काही उरतच नव्हतं.

रविवारी दीना तुझ्या फ्लॅटवरून कागद घेऊन आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. ती तुझ्याशी जसं बोलायची तसं मराठी बोलली, सगळं उलटंपालटं, "मम्मी, मामाची सगळी कागद मी बघितला. हा तू बघ." इतकी वर्षं मी तिला सुधारत आलेय. काल नाही सुधारलं.

हॉस्पिटलचा फॉर्म होता. मला तो पाठ आहे, त्याचे रकाने आमच्याच ऑफिसात ठरल्यासारखे असतात. पहिली रात्र सोबत कोण राहणार? तुझ्या त्या इंजिनिअरी अक्षरात लिहिलं होतं, रिबेका. नातं, सिस्टर. माझा फोन नंबर. त्यावर पट्टी लावून मारलेली एक सरळ रेघ. पुढे, नो वन. खाली तारीख, त्याच शुक्रवारची. म्हणजे घरी पोचून तू आधी हे केलंस. आणि फॉर्मला जोडलेलं हॉस्पिटलचं पत्र. रात्री सोबत कोणी नसल्याने ही तारीख देता येत नाही, दाखल करून घेता येईल अशी दुसरी तारीख कळवू. तू काही सोडलं नव्हतंस. रॉकेटचा काही संबंध नव्हता. गुरुवार दोघांचा एक पडला, एवढंच.

अरे, तोंड नव्हतं तुला? "रॉकेट नव्हे, ताई, हॉस्पिटल," एवढे चार शब्द! मी दारात उभी होते, मेले नव्हते. कोट घालताना सांगायचंस. फोनवर सांगायचंस. ओरडून सांगायचंस. त्याऐवजी खोटं बोललास, आणि तेही असं की मी आणखी चिडावं. मला वाचवायला बोललास की मला शिक्षा म्हणून, हे मला या जन्मी कळणार नाही. दोन्ही असेल. तू इतका काही साधू नव्हतास.

आणि माझ्या वेळी तू काय केलंस? माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तीन रात्री या खोलीत खुर्चीवर झोपलास. एकच सांगितली होती त्यांनी. तीन राहिलास. मी पाणी मागितलं की उठायचास, मी चहाला नावं ठेवायचे, तू परत करून आणायचास. दीनाचा बाप आम्हाला सोडून गेला त्याच्या दुसऱ्याच शुक्रवारी तू जेवायला आलास, आणि मग त्या शुक्रवारपर्यंत चौतीस वर्षं एकही शुक्रवार चुकवला नाहीस. पहिल्या दिवशी येताना स्वतःचा डबा घेऊन आला होतास, मला रांधायला लागू नये म्हणून. वर्षभर मला वाटायचं की तुझ्याकडे जायला दुसरी जागा नाही म्हणून येतोस. दीनाने एकदा विचारलं तुला, तेव्हा तू म्हणालास, "मम्मीला शुक्रवारी एकटीला शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला लागू नये." तिने मला हे काल सांगितलं. कालचा दिवसच तसला होता.

आज दुपारी ओक्साना चहा घेऊन आली. ती सहसा या खोलीत येत नाही, एवढी माणसं बघून बिचकते. माझ्या शेजारी जमिनीवर टेकली आणि आपल्या इंग्लिशमध्ये म्हणाली, की त्या शुक्रवारी ती जिन्यावर होती. वरच्या वळणावर. तिने सगळं पाहिलं. तू बाकाकडे वळलास, मी दार उघडलं. ती म्हणाली, "आमच्याकडेपण बसतात. माझी आजी बसवायची. न बसवता कोणाला जाऊ देत नाहीत." मग कपाकडे बघत म्हणाली, "म्हणून मी बसले. तिथे, पायरीवर. सोलोमनसाठी. एक मिनिट. तो गेला होता तरी."

जिच्यासाठी मी तुला हाकललं ती बसली, सोली. जिला तुझ्या रॉकेटने कपाटात घातलं ती. आणि मी दार लावून बशा विसळायला गेले.

मी तिला विचारलं, "तुला त्याचा राग नव्हता?" ती म्हणाली, "होता. फार होता. राग वेगळा." आणि कप उचलून गेली.

हे इथवर काल लिहिलं. आज मंगळवार, सातवा दिवस. सकाळी शेवटच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमले, बायका जमल्या, फ्लोराआंटी आल्या. मेलेल्यामागे म्हणायचं काद्दिश झालं. एक जण, चांगला माणूस, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आज दुपारी त्याचं रॉकेट उडणार ना, रिबेका? व्हॉट टायमिंग! टिपिकल सोली." सगळे हसायच्या बेतात होते. दीना माझ्याकडे बघत होती. तिने काल विचारलं होतं, तू सांगणार की मी सांगू, आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

मी उभी राहिले. गुडघा कट्कन वाजला. इंग्लिशमध्ये सांगितलं, सगळ्यांना कळेल असं. तो रॉकेटसाठी थांबला नव्हता. त्याला हॉस्पिटलनंतर एक रात्र कोणीतरी सोबत हवं होतं. तो माझ्या टेबलाशी बसून मला विचारत होता, आणि मी त्याला बोलू दिलं नाही, हाकलून दिलं. आठवडाभर तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं. पहिले चार दिवस मला माहीत नव्हतं. कालपरवा माहीत होतं.

फ्लोराआंटी मग म्हणाल्या, "अगं, त्याने नीट सांगायला हवं होतं. तुला कसं कळणार?" मी म्हटलं, "आंटी, मला नाही तर कोणाला कळणार? तेच विचारण्याचा मला पगार मिळायचा." बाकीचे कोट शोधायला लागले. आज कोणी अंडी आणली नव्हती.

दीना शेवटी उरली. मला वाटलं जवळ घेईल. तिने आरशांवरच्या चादरी काढल्या, घड्या घातल्या आणि म्हणाली, "आय डिडन्ट थिंक यू वुड." मग म्हणाली, "मामाला मी पण विचारला नाही." आणि किचनमध्ये जाऊन जोरात नळ सोडला.

सातव्या दिवशी उठायचं आणि घराला एक फेरी मारून यायचं असतं, जगात परत आलो म्हणून. मी मारली. शेजारी बिन बाहेर काढत होते, त्यांना हात केला.

आता दुपार आहे. दोन रशियन आणि एक अमेरिकन, तिघं कधीचे त्या डब्यात पाय पोटाशी घेऊन बसले असतील. तासाभरात उडणार. टीव्हीवरची चादर काढलीय, पण टीव्ही मी लावणार नाही. ओक्साना घरात आहे. आपलं भांडण जिथल्या तिथे आहे, आणि ते मी तुझ्या नावाने चालूच ठेवीन, काळजी करू नकोस.

पण मघाशी मी हॉलमध्ये गेले. दीनाने आणलेली तुझी बॅग दारापाशीच आहे, पोलिसांनी दिली तशी. मी बुटांच्या बाकावर बसले. फार खाली आहे तो, तुझे गुडघे कसे वर येत असतील. ओक्साना वरून आली, मला बघून थांबली, आणि काही न विचारता पायरीवर बसली. किचनमधला नळ बंद झाला. दीना आली आणि तिच्या जुन्या जागी, खालच्या पायरीवर, तोंडावर बोट ठेवून बसली. चाळिशीची बाई.

घड्याळ लावून साठ सेकंद. सात दिवसांपेक्षा लांब होते ते.

बसले रे, सोली. आता निघ.